मूळ कारखान्याची पट्टी

२३ नोव्हेंबर

जलपुरवठा खात्याच्या पंपघरात असताना पाळी संपताच नोंद लिहिण्याची सवय मला जडली. निवृत्तीनंतर नोंदीयोग्य काही घडत नसल्याने वही बंद होती. आज घडले आहे, यास्तव ती पुन्हा उघडीत आहे.

माझी मोटारसायकल जुनी आहे, म्हातारी नाही. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एकाच सिलिंडरचे, संथ आणि भारदस्त ठोक्याचे तिचे इंजिन आहे. पाणी पुरविणाऱ्या सर्व टाक्यांची फेरी मी तिच्यावरून केलेली आहे. अलीकडे ती पडवीलगतच्या शेडमध्ये उभीच होती. आज मेहुणे जेवावयास आले असता त्यांच्यासमक्ष ती सुरू करावी, असे मनात आले.

मेहुणे म्हणजे आमच्या सौ.चे धाकटे बंधू. त्यांचे हॉटेल आहे. अंगात कायम काळे चामडी जाकीट असते. त्यांना सायकलदेखील चालविता येत नाही, ही बाब केवळ नोंदीपुरती.

मी किकवर उजवा पाय ठेवला आणि सर्व भार टाकला. किक खाली गेली नाही. मीही खाली आलो नाही. फांदीवर पाखरू बसावे तसा मी काही काळ वरच राहिलो.

"भाऊजी, उतरा आता," मेहुणे म्हणाले. "फोटो काढून झाला."

"इंजिन जाम झालेले आहे," मी स्पष्ट केले.

"इंजिन की गुडघा?"

माझा गुडघा ठणठणीत आहे. केवळ थंडीत तो विचार करून वाकतो, इतकेच.

त्यानंतर मेहुण्यांनी आपला बेत उघड केला. माझी मोटारसायकल त्यांना हॉटेलच्या दारात शोभेसाठी हवी आहे. टाकीवर फुलझाडाची कुंडी आणि हँडलला दिव्यांची माळ. "लोक तिच्यावर बसून फोटो काढतील, भाऊजी. इथं नुसती गंजतेय बिचारी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताठ उभा राहून शब्द दिला : फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी, माझ्या स्वतःच्या पायाने, तीन किकांच्या आत मी ती सुरू करीन. न झाल्यास त्यांनी ती खुशाल न्यावी आणि तिच्यावर हवी ती झाडे लावावीत.

"आणि सुरू झाली तर?" ताटे उचलता उचलता सौ.ने विचारले.

"तर तू मागशील ते देईन, ताई," मेहुणे हसत म्हणाले.

"बघ हं. शब्द फिरवायचा नाही."

बोलणे पुरुषांत चालले असता तिने मध्ये पडण्याचे प्रयोजन मला कळले नाही.

२७ नोव्हेंबर

टाकी उतरविली. हेड उतरविले. सिलिंडर वर उचलून पिस्टन पाहिला. सुटे भाग क्रमाने मांडण्यासाठी सौ.च्या पराती घेतल्या. "घासून परत द्यायच्या," या अटीवर तिने त्या दिल्या. नेहमीप्रमाणे उजेडासाठी बॅटरीही तिनेच धरली. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक दुरुस्तीत बॅटरी तीच धरीत आलेली आहे, आणि या कामात ती आता पुष्कळ तरबेज झाली आहे.

"हे काय आहे?" तिने विचारले.

"झडप उघडणारा टॅपेट. यातील फट अचूक ठेवावी लागते."

"मागच्या वेळी तुम्ही कागदाचा कपटा घालून मोजली होती, तीच ना?"

तिच्या स्मरणशक्तीचे मला कौतुक वाटले. बायकांना निरुपयोगी गोष्टी लक्षात राहतात.

तपासणीचा निष्कर्ष : पिस्टन उत्तम. रिंगा उत्तम. सिलिंडरची भिंत आरशासारखी. कोठेही काही जाम नाही. दोष गूढ आहे.

५ डिसेंबर

दोष सापडत नसल्याने लेथवाल्यांना बोलाविले. कोपऱ्यावर त्यांचे लेथ यंत्र आहे आणि आमचा स्नेह जुना आहे. ते स्टुलावर बसले. प्रथम त्यांनी इंजिनाकडे पाहिले. नंतर बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे पाहिले.

"पंपवाले," ते म्हणाले, "इंजिनात काही दोष नाही."

"मग कशात आहे?"

"कशातच नाही. चहा आहे का?"

चहा घेता घेता त्यांनी एक उपाय सुचविला. सिलिंडरच्या बुडाशी धातूची एक गोल पट्टी बसवावी. सिलिंडर तेवढा वर उचलला जातो, आतील दाब उतरतो आणि किक हलकी होते. "थोडी ताकद जाते गाडीची. पण आपल्याला आता कुठं शर्यत मारायचीय? आपल्या वयाची बरीच मंडळी असंच करतात."

मी पेला खाली ठेवला. पंपघरात मी जन्मभर दाब राखला. रात्री-अपरात्री दाब उतरला तर अंथरुणातून उठून तो चढविला. त्या मनुष्यास, केवळ त्याच्या पायाला सोयीचे पडावे म्हणून, आपल्याच गाडीचा दाब उतरवावयास सांगणे हा सल्ला नसून अपमान आहे, असे मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितले. ते म्हणतात की शब्द सौम्य नव्हते.

सौ. पेले न्यावयास आली होती. तिने सहज विचारले, "कसली पट्टी असते हो ती?"

"ॲल्युमिनियमची, वहिनी. तुमच्या दुधाच्या पातेल्याचं झाकण आहे ना? तेवढ्याच जाडीची."

"अगबाई! एवढीच?"

"एवढीच."

दोघांनी एकमेकांकडे का पाहिले, ते समजले नाही. पातेल्यांसंबंधीच्या चर्चेत मला रस नसल्याने मी विषय बंद केला.

१२ डिसेंबर

उपाय माझा मीच शोधून काढला. पंपघरात घट्ट झालेला व्हॉल्व्ह फिरवावयाचा असता आम्ही पान्यास लांब नळी लावीत असू. दांडा लांब, तर जोर कमी. हेच तत्त्व किकला लावावे. वेल्डिंगच्या दुकानात जाऊन किकचा दांडा वीतभर वाढवून आणला. वेल्डिंगवाल्याने "नक्की का, आजोबा?" असे दोनदा विचारले. अज्ञानी मनुष्यास तत्त्व समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

सायंकाळी दांडा बसविला. तत्त्व बिनचूक होते. मात्र दांडा वीतभर वाढल्याने त्याचे टोक तेवढेच वर गेले, आणि त्यावर पाय ठेवण्यासाठी तो अशा उंचीवर नेणे प्राप्त झाले की जेथून माझ्या गुडघ्याने पूर्वीच राजीनामा दिलेला आहे.

मी एका हाताने भिंत धरली, दुसऱ्या हाताने स्वतःची विजार धरून पाय वर चढविला. त्याच अवस्थेत सौ. दारात आली.

"शिडी आणू का?"

"नको."

"मग उतरायला तरी?"

उतरण्यास तिने साहाय्य केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दांडा पूर्ववत कापून आणावा लागेल. वेल्डिंगवाला काही बोलला नाही तर बरे.

१३ डिसेंबर

बोलला.

२० डिसेंबर

अखेर मूळ मुद्द्यावर आलो. इंजिन निर्दोष आहे. तेव्हा पायाचे बळ वाढविणे एवढाच मार्ग उरतो. याचा अर्थ पायात बळ नाही असा होत नाही. पुरेसे आहे, अधिक असावे. रोज सकाळी शेडमधील लाकडी खोक्यावर चढ-उतार सुरू केली आहे. सौ. कोमट तेल चोळून देते.

"खरं सांगू का," ती चोळताना म्हणाली, "ती पट्टी घातली तर काय बिघडेल? कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल."

"तुम्हाला चष्म्याशिवाय मी तरी दिसते का?"

मी तिला बजावले की, या घरात दाब उतरविण्याची गोष्ट पुन्हा निघता कामा नये. ती "बरं" म्हणाली. तिचे "बरं" इतक्या लवकर येते तेव्हा मला समाधान वाटते.

२ जानेवारी

इंजिन पुन्हा जोडले. एकही नट उरला नाही. किक मात्र अद्याप जड आहे; भिंतीस रेटा द्यावा तसे वाटते. मेहुण्यांचा फोन आला होता. पिवळी फुले बरी दिसतील की लाल, असे ते विचारीत होते. मी फोन सौ.कडे दिला. ती हसून "जांभळी लाव" म्हणाली. आपले मनुष्य असे बोलते, याचा मला विषाद वाटला.

रात्री अंगात कणकण आहे.

९ जानेवारी

ज्वर. सौ.ने अंथरुणातून उठू दिले नाही. दाराला बाहेरून कडी घातली होती की काय, असा मला संशय आहे. पडल्या पडल्या नोंद घेण्याजोग्या बाबी पुढीलप्रमाणे.

शेडमधून दोन दिवस ठोकण्याचे आवाज येत होते. विचारले असता "मसाला कुटतेय" असे उत्तर मिळाले. मसाल्याचा आवाज इतका लोखंडी नसतो. परंतु ज्वरात कान दगा देतात.

लेथवाले माझ्या प्रकृतीची चौकशी करण्यास दोन्ही दिवस आले होते, असे सौ. सांगते. माझ्या खोलीत मात्र ते एकदाही आले नाहीत. मागील अपमान ते अद्याप विसरलेले नसावेत. तरीही आले, हा त्यांचा मोठेपणा.

मला दूध मिळाले त्यावर साय नव्हती, मात्र एक मुंगी होती. दुधाच्या पातेल्यावर ताटली ठेवलेली होती. "झाकण कुठे गेले?" मी विचारले.

"हरवलं."

"घरातल्या घरात झाकण कसे हरवते?"

"तुमचा पंपघरातला डबा हरवला होता तसं."

मी मुंगी काढून दूध प्यालो.

१८ जानेवारी

आजची नोंद मी उभा राहून लिहीत आहे, कारण आनंद बसू देत नाही.

ज्वर उतरल्यावर आज प्रथमच शेडमध्ये गेलो. सवयीने किकवर पाय ठेवला आणि किक खाली गेली. लोण्यात सुरी जावी तशी. पुन्हा दिली, पुन्हा गेली. गुडघा किंचित कुरकुरला, परंतु त्याचे मत मी विचारलेले नव्हते. पेट्रोल भरलेले नसल्याने इंजिन सुरू करण्याचा प्रश्न नव्हता.

खोक्यावरील व्यायामाचे हे फळ आहे. पंधरवडाभर पडून राहिल्याने बळ घटावे, तर ते वाढले. मुरलेले बळ असेच असते.

याच वेळी इंजिनाचे बारकाईने निरीक्षण केले. सिलिंडरच्या बुडाशी एक चकचकीत पट्टी चहूबाजूंनी दिसते. ही पूर्वी माझ्या नजरेस आली नव्हती. मूळ कारखान्यानेच ती दिलेली असावी. धूळ गेल्याने आता उघडी पडली. जुन्या लोकांचे काम असे दिमाखदार असे. टॅपेटची फटही तपासली. मी ठेवली होती तशीच, किंबहुना त्याहून किंचित अधिक अचूक निघाली.

तीन गोष्टी मात्र खटकल्या. माझे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले असतात. ते मोठ्यापासून लहानापर्यंत टांगलेले आढळले. आणि गाडीचे आसन पूर्वीपेक्षा खाली बसले आहे. वयोमानाने स्प्रिंगा खचल्या असाव्यात. सौ.च्या शालीवर काळ्या वंगणाचा हात उमटलेला आहे. ती म्हणते काजळ. हाताएवढे काजळ मी प्रथमच पाहिले.

लेथवाल्यांना बोलावून किक दाखविली. "पाहिलेत?" मी म्हणालो. "दाबास हात न लावता."

"मानलं, पंपवाले," ते म्हणाले. त्यांना एकदम ठसका लागला आणि सौ.ने त्यांना पाणी दिले. तिलाही ठसका लागला. हवा कोरडी आहे.

२ फेब्रुवारी

सौ.ला यंत्राविषयी अचानक गोडी उत्पन्न झाली आहे. आज तिने गाडी पुसावयास घेतली आणि टाकी नीट पुसता यावी म्हणून आसनावर बसली. पाय दोन्ही बाजूंना टेकले. खचलेल्या आसनाचा असाही उपयोग.

"पहिला गिअर वर की खाली?"

"वर. परंतु तुला काय करावयाचे आहे?"

"पुसताना चुकून पडायला नको. आणि क्लच एकदम सोडला तर?"

"तर गाडी उडी घेईल आणि चालक तोंडघशी पडेल. हळू सोडावा."

"तेच ते," ती स्वतःशी म्हणाली. "हळू."

विद्यार्थी उत्सुक असला म्हणजे गुरूस हुरूप येतो. मी तिला ब्रेक, गिअर आणि वळण घेताना अंग कसे झुकवावे ते तासभर समजावून सांगितले. तिने मध्ये एकदाही जांभई दिली नाही. आमच्या संसारात हे प्रथमच घडले.

११ फेब्रुवारी

सौ. दुपारी लेथवाल्यांच्या घरी जाते. त्यांच्या पत्नीस विणकाम शिकविते, असे कळते. आज परत आली तेव्हा नाक लाल, केस मोकळे आणि चष्म्यावर एक चिलट चिकटलेले होते.

"हे काय?"

"वारा होता हो फार."

मी अंगणात जाऊन पाहिले. दोरीवरचे कपडे हलतही नव्हते. तिचे कोपर सोलवटलेले दिसले. विणकामात कोपर सोलवटत असेल तर ते पुरुषांनी करू नये हेच खरे. लेथवाल्यांच्या स्वतःच्या मोटारसायकलचा आरसा फुटलेला आहे. त्यांना विचारले तर म्हणाले, "चालायचंच. शिकताना होतं असं." या वयात ते काय शिकत आहेत, देव जाणे.

२१ फेब्रुवारी

उद्या. इंजिन ऑईल बदलले, प्लग घासला, पेट्रोल भरले. किक एकदाही मारली नाही. उगाच पायाची शक्ती खर्चू नये. झोप येईनाशी झाली आहे. मनात सारखे दिसते की टाकीवर कुंडी आहे, कुंडीत जांभळी फुले आहेत आणि कोणी तरी पोर आसनावर बसून तोंडाने गाडीचा आवाज काढीत आहे.

सौ.ला सांगितले नाही. तिने आपण होऊन दिवा मालवला आणि म्हणाली, "होईल सुरू. झोपा."

"तुला काय ठाऊक?"

"मी बॅटरी धरते तेव्हा डोळे मिटून धरत नाही."

या वाक्याचा संबंध कशाशी, ते मी विचारणार होतो. पण ती घोरू लागली. ती घोरत नसते.

२२ फेब्रुवारी

मेहुणे सकाळीच आले. सोबत मोजपट्टी. टाकीची लांबी-रुंदी घेऊन त्यांनी ती हातावर लिहून घेतली. "कुंडीवाल्याला मापं द्यायचीत, भाऊजी. तुमचं चालू द्या." लेथवालेही येऊन उभे राहिले. सौ. उंबऱ्यावर होती.

पहिली किक. अलगद खाली गेली. इंजिन गप्प.

"एक," मेहुणे म्हणाले.

दुसरी किक. गुडघ्यात कळ चमकली. ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही. इंजिन गप्प.

"दोन. ताई, जांभळी फुलं मिळतील ना गं या दिवसांत?"

मला घाम सुटला. पंपघर डोळ्यांपुढे आले. दाब आहे, ठिणगी आहे, मग कमी काय? त्या क्षणी सौ.ला जोराचा खोकला आला. खोकता खोकता ती टक लावून टाकीखालच्या पेट्रोलच्या कळीकडे पाहत होती. मी तिकडे पाहिले. कळ बंद.

रात्री मीच बंद केली होती. अर्थात ते नियमाला धरूनच होते. मी ती शांतपणे उघडली, कार्ब्युरेटर भरू दिला आणि मेहुण्यांस म्हणालो, "पहिल्या दोन किका सिलिंडरमध्ये तेल फिरविण्यासाठी होत्या."

तिसरी किक.

त्या आवाजाचे वर्णन माझ्यासारख्या चौथी उत्तीर्ण मनुष्याने करू नये. शेडचा पत्रा थरथरला, टांगलेले पाने किणकिणले. मी हँडल धरून उभा होतो आणि धुरामुळे डोळ्यांतून पाणी येत होते. धूर फारसा नव्हता.

मेहुण्यांनी हातावरची मापे थुंकी लावून पुसली. "हरलो बुवा," ते म्हणाले. मनुष्य मनाचा मोठा आहे. "बोल ताई, काय देऊ?"

"जाकीट काढ."

"काय?"

"जाकीट. शब्द दिला होतास."

"अगं, थंडी आहे!"

"म्हणून तर."

मेहुणे सदऱ्यावर घरी गेले. एवढे मोठे जाकीट सौ.ला कशासाठी हवे ते कळले नाही. बहुधा माझ्यासाठी असावे.

२३ फेब्रुवारी

गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला आहे. कालच्या विजयाचा तो मान आहे असे मी समजतो.

तरीही आज फेरी मारण्याचे ठरले होते आणि ठरलेले मी मोडीत नाही. गाडी रस्त्यावर काढली. गळपट्टा घरात राहिल्याने तो आणावयास आत गेलो. पायऱ्या चढताना किंचित वेळ लागला. गळपट्टा खुंटीवर नव्हता. मागच्या खोलीत, उशीखाली, घडी घालून ठेवलेला सापडला. तेथे तो कोणी ठेवला हे विचारात घेत असतानाच बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

एकाच किकेत.

बाहेर येऊन पाहिले तो आसनावर सौ. बसलेल्या. अंगात चामडी जाकीट, बाह्या दुमडलेल्या, शाल कमरेला कसून बांधलेली. पाय दोन्ही बाजूंना व्यवस्थित टेकलेले.

"बसताय ना?" त्या म्हणाल्या. "की गुडघा विचार करतोय?"

रस्त्यावर वाद घालणे मला शोभत नाही. शिवाय मागील आसनाच्या स्प्रिंगांची चालत्या गाडीवर तपासणी करणे राहून गेलेले होते. ती तपासणी पुढे बसून करता येत नाही. म्हणून मी मागे बसलो.

क्लच त्यांनी हळू सोडला. मी शिकविले होते तसाच. वळणावर अंगही बेताचेच झुकविले. शिक्षण उत्तम झाल्याचे समाधान वाटले. कोपऱ्यावर लेथवाले दुकानाबाहेर येऊन उभे होते. त्यांनी हात उंच करून नमस्कार केला. तो मलाच असावा.

"भीती वाटतेय का?" वाऱ्यातून सौ.नी ओरडून विचारले.

"नाही. परंतु डावीकडे खड्डा आहे."

"दिसतोय हो मला! इतकी वर्षं तुमच्या पाठीशिवाय काही दिसलं का मला? आज पहिल्यांदा रस्ता दिसतोय. बघू द्या."

यानंतर मी खड्डे दाखविले नाहीत.

बाजारात त्यांनी गाडी भांड्यांच्या दुकानासमोर उभी केली आणि दुधाच्या पातेल्याचे नवे झाकण घेतले. परतताना ते धरण्याचे काम माझ्याकडे आले. धरताना लक्ष पुष्कळ ठिकाणी जाते, हे मला आज प्रथमच कळले.

घरी आल्यावर, इंजिन गार होत असता, सहज म्हणून ते झाकण मी सिलिंडरच्या बुडाशी असलेल्या त्या चकचकीत पट्टीलगत धरून पाहिले. जाडी तीच. चकाकी तीच. पट्टीवर एके ठिकाणी, अगदी कडेला, दूध उतू जाऊन करपल्याचा फिकट तपकिरी डाग आहे.

यावरून असे दिसते की मूळ कारखाना मोटारसायकलींबरोबर पातेलीही तयार करीत असावा. त्याचे काम पक्के आहे, त्याची जाण माझ्याहून जास्त आहे, आणि त्याने केलेल्या गोष्टींत मी यापुढे हात घालणार नाही.

पाने मोठ्यापासून लहानापर्यंतच टांगलेले राहू दिले आहेत. उद्या सकाळी टाक्यांच्या बाजूने फेरी आहे. गळपट्टा आजच हाताशी काढून ठेवला आहे.